न ऐकू आलेली शिट्टी

गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे, तरी सगळा रस्ता त्याला कानसेन म्हणायचा. गाडी गॅरेजच्या दारात वळत असतानाच हा हातातलं काम न सोडता सांगायचा, "मागचं डावं बेअरिंग." बॉनेट उघडायचं नाही, गाडीखाली वाकायचं नाही. आणि चाक काढलं की खरोखरच बेअरिंग गेलेलं असायचं. जुनी गिऱ्हाइकं नव्यांना मुद्दाम घेऊन येत, ही गंमत दाखवायला.

गॅरेज वडिलांनी घातलेलं. शेजारी काचा कापणाऱ्याचं दुकान, मागे भंगारात निघालेल्या गाड्यांची रांग, वर उंच पत्रा. थोरला कानसेन आणि त्याचा धाकटा भाऊ मिळून ते चालवत. धाकट्याचे केस पांढरे व्हायला लागले तरी लोक त्याला धाकटाच म्हणत. थोरल्याचा कान आणि धाकट्याची यंत्रं, अशी कामाची वाटणी होती. गाडीतला बिघाड पडद्यावर दाखवणारा स्कॅनर धाकट्यानं आणला, तेव्हा थोरला म्हणाला होता, "टीव्हीच आणायचा होता, तर जरा मोठा तरी आणायचास."

वडील शेवटी शेवटी ठार बहिरे झाले होते. सगळा जन्म हातोडी आणि पत्र्यात गेल्यावर दुसरं काय होणार? थोरला त्यांची नक्कल फार बेमालूम करायचा. कानामागे पंजा धरायचा, मान पुढे काढायची, आणि कुणी "तेल बदललंत का?" म्हटलं की डोळे मोठे करून विचारायचं, "जेल? कोण गेलं जेलात?" सगळं गॅरेज हसून लोळायचं. कोपऱ्यात स्टुलावर बसलेले वडीलही हसायचे. कशाला हसताहेत ते त्यांना कळत नसायचं, पण सगळे हसताहेत म्हणून हसायचे.

मग तीच पाळी थोरल्यावर आली, आणि वडिलांपेक्षा बरीच लवकर आली.

आधी मोबाइल गेला. म्हणजे मोबाइल खिशातच होता, त्याची रिंग गेली. मग खिडकीबाहेरची पाखरं गेली. मग बायकोचं अर्धं अर्धं बोलणं गेलं. बायको म्हणाली, "तुम्हाला नेमकं माझंच ऐकू येत नाही." तो म्हणाला, "नवऱ्याच्या जातीला ते जन्मजातच असतं," आणि वेळ मारून नेली.

इंजिनाचे जाड आवाज अजून येत होते. ठोके, घरघर, धडधड हे सगळं जागेवर होतं. लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ धरली की उरलेलं हाताला कळायचं. गेले होते ते बारीक आवाज. पट्टा किंचाळला, नळीतून हवा सुटली, कुठं शिट्टी वाजली, तर ते जगाला ऐकू येई, त्याला नाही. त्यावरही त्यानं युक्त्या काढल्या. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत ऐकायचं. "तुम्हाला नक्की कुठून येतो आवाज?" असं आधी त्यालाच विचारायचं, आणि त्यानं बोट दाखवलं की मान डोलवायची, "बरोब्बर." नाव कानसेन असलं की लोक बाकीचं आपणच भरून घेतात.

अशात एक दिवस बेकरीवाल्या बाई आल्या.

चौकातली बेकरी त्यांची. पहाटे पाव निघाले की त्या स्वतः गाडी भरून टेकडीवरच्या वसतिगृहाला पोचवत. गाडी डिझेलची, टर्बोची, चार-पाच वर्षं वापरलेली. सोबत त्यांच्या सासूबाई होत्या. म्हातारीला घरी करमत नसे, म्हणून ती रोज मागच्या सीटवर पावाच्या ट्रेंना हात लावून बसून यायची.

"मिस्त्री, गाडी चढावर दम टाकते," बाई म्हणाल्या. "पाय दाबला की बारीक शिट्टी वाजते आणि जोर निघून जातो. सपाटीला काही नाही."

"चला, फिरवून आणू," थोरला म्हणाला.

धाकटा कुणाच्या तरी गाडीखाली होता, तो तिथूनच ओरडला, "दादा, हवा सुटत असेल. मी दाब देऊन बघतो ना."

थोरल्याला त्यातला 'दादा' तेवढा ऐकू आला. त्यानं हात हलवला आणि तो बाईंच्या शेजारी जाऊन बसला.

चढ लागला तशा बाईंनी पाय दाबला. "ऐका हं. आता येईल. ही बघा! आली?"

त्याला टायरचा आवाज येत होता, इंजिनाची घरघर येत होती. बाकी काही नाही. तो बाईंच्या ओठांकडे बघत होता.

"आली ना?"

"आली की," तो म्हणाला. "अहो बाई, टर्बो आहे तो. टर्बोनं शिट्टी मारायची नाही तर कुणी मारायची? रडत नाही त्या बाळाची काळजी करावी. रडतंय म्हणजे ठणठणीत आहे."

बाईंना हसू आलं. पण मागून सासूबाई पुढे वाकल्या. "आधी नव्हती वाजत हो. आत्ता आत्ता वाजायला लागलीय. फुस्स असं होतं आणि मग गाडी मरगळते."

थोरल्यानं वळून म्हातारीकडे बघितलं. तिला ऐकू येत होतं. एवढी सुरकुतलेली, दात नसलेली ही बाई, आणि तिला ऐकू येत होतं. त्याला एकदम राग आला, आणि तो हसत म्हणाला, "आजी, या वयात कानात शिट्ट्या वाजायच्याच. एकदा डॉक्टरला दाखवून या."

सूनबाई पुन्हा हसल्या. म्हातारी सीटला टेकली, आणि परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्यानं हवेचा फिल्टर बदलला, इकडेतिकडे पुसून घेतलं आणि गाडी देऊन टाकली. धाकटा हात पुसत आला. "दादा, एकदा बघायला हवं होतं. लक्षणं हवा सुटल्याचीच आहेत."

"मी ऐकलंय," थोरला म्हणाला. धाकटा परत गाडीखाली गेला.

त्यानंतरचा आठवडा सरला नसेल, तोच ती गाडी दोरीनं ओढत गॅरेजमध्ये आणली गेली.

झालं असं, की टेकडीच्या चढावर पुढे एक ट्रक रखडत होता. बाईंनी समोरचा रस्ता मोकळा बघून ओलांडायला घेतलं. अर्ध्यात आल्यावर शिट्टी वाजली, मग फाटल्यासारखा आवाज आला, आणि गाडीतला जीवच गेला. पाय पूर्ण दाबलेला आणि गाडी बैलासारखी अडून बसलेली. वळणावरून समोर दुसरी गाडी आली. ब्रेक मारून, मागे सरकून, कशाबशा त्या रस्त्याकडेच्या खडीत घुसल्या. सासूबाई पुढच्या सीटवर आपटल्या. मनगट मोडलं.

बाई गॅरेजच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्यांच्या बाहीला अजून पीठ होतं. काच कापणारा दुकानातून बाहेर आला, दोन गिऱ्हाइकं खुर्चीतून उठली.

"काही झालेलं नाही म्हणालात ना? बाळ ठणठणीत आहे म्हणालात ना?" हे त्याला नीट ऐकू आलं, कारण त्या ओरडतच होत्या. "माझी सासू मेली असती आज. कोणी तपासली होती गाडी? कोणी बघितलं होतं उघडून?"

गाडी फिरवताना शेजारी तो बसला होता, हे त्यांना माहीत होतं. पण उघडून कोणी बघितलं, कोणी नाही, हे कुठं माहीत होतं? सगळे त्याच्याकडे बघत होते, कानसेनकडे. आणि त्यानं काय करावं? त्यानं मान वळवली आणि धाकट्याकडे बघितलं.

नुसतं बघितलं.

धाकटा म्हणाला, "मी."

मग बाईंनी धाकट्याला जे काही ऐकवलं, त्यातलं बरंचसं थोरल्याला कळलं नाही. बाई त्याच्याकडे पाठ करून बोलत होत्या, त्यामुळे ओठ दिसत नव्हते. धाकट्याचा चेहरा मात्र दिसत होता. तो खाली बघत होता, मधून मधून "हो" म्हणत होता. थोरला पान्ह्यांच्या फळीपाशी उभा राहून पान्हे नीट लावत राहिला. ते नीटच लावलेले होते.

बाई गेल्या. दोघं भाऊ गाडीपाशी आले आणि कामाला लागले.

टर्बोचं काम तसं सोपं असतं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. ती हवा आधी समोरच्या जाळीत गार होते आणि मग जाड रबरी नळ्यांतून पुढे जाते. या वाटेत कुठं भोक पडलं की दाबलेली हवा वाटेतच पळते, आणि गाडीला धाप लागते. उभ्या गाडीत असली चीर मिटलेली असते. दाब वाढला की ती तोंड उघडते.

धाकट्यानं फिल्टरकडची नळी काढली, तिच्या तोंडात बूच बसवलं आणि बुचातून कॉम्प्रेसरची हवा हळूहळू आत सोडली. दाब दाखवणारा काटा जरा वर चढला आणि परत खाली यायला लागला. त्याच क्षणी धाकट्याची मान आपोआप डावीकडे, खालच्या बाजूला वळली. समोर काच कापणाऱ्याचं मांजर फळीवर झोपलं होतं, त्यानंसुद्धा डोळे उघडून तिकडेच बघितलं.

थोरला गाडीत वाकून उभा होता. त्याचा कान त्या जागेपासून वीतभर अंतरावर होता, आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं.

धाकट्यानं साबणाच्या पाण्याची बाटली उचलली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं ती भावाच्या हातात दिली. थोरला एकेका जोडावर पाणी मारत गेला. टर्बोच्या तोंडाशी काही नाही. जाळीच्या वरच्या नळीला काही नाही. खालच्या नळीला मागच्या अंगानं मारलं, आणि फेस नुसता उसळून आला. बुडबुडे फुगत होते, फुटत होते, पुन्हा फुगत होते. त्यानं ओला हात खाली घातला. गार हवेचा झोत तळव्यावर आदळला. बोटभर लांब चीर होती. तिच्याभोवती तेलकट काळा डाग धरला होता, म्हणजे ती आजची नव्हती. शेजारी एका लोखंडी पट्टीचा बोल्ट सैल होऊन तिची कडा नळीवर घासत होती. घासून घासून रबर झिजलं होतं, आणि त्या चढावर शेवटी फाटलं होतं.

कुणीही वाकून बघितलं असतं तरी डाग दिसला असता. कानाची गरजच नव्हती.

जुनी नळी काढली. नवी आणली, क्लिपा सरळ बसवल्या, पट्टी मागे वाकवून बोल्ट आवळला. पुन्हा दाब दिला. काटा वर चढला आणि तिथंच राहिला. सगळं काम जेवणाच्या सुट्टीच्या आधी उरकलं.

डबे उघडल्यावर थोरला म्हणाला, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"काय?"

"नाटक नको करूस. माझ्या कानाचं."

धाकट्यानं घास खाली ठेवला. "बरेच दिवस झाले. वहिनींनी विचारलं होतं मला. मी म्हटलं, काही नाही, त्यांचं लक्ष नसतं."

"आणि गाड्या?"

धाकटा पोळीचा तुकडा मोडायला लागला.

"माझ्या हातून गेलेल्या गाड्या, धाकट्या. त्या कशा परत आल्या नाहीत?"

"तू घरी गेलास की मी एकदा बघून घ्यायचो," धाकटा म्हणाला. "ही त्या दिवशी तू लगेच देऊन टाकलीस. बघायला मिळाली नाही."

डॉक्टरांची गाडी. वकिलाची पांढरी गाडी. शाळेची बस, जिच्या ड्रायव्हरनं "कानसेन तो कानसेनच" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली होती. थोरल्याला एकेक आठवायला लागलं. त्या थापेखाली आपण कसे हसलो होतो तेही आठवलं, आणि त्यानं डबा बाजूला सारला.

"मला सांगायचं नाहीस?"

"कसं सांगणार? तू वडिलांची काय दशा करायचास, ते मी बघितलंय. मला तुझी नक्कल करायची नव्हती." मग धाकट्याचा आवाज चढला. एरवी तो कधी चढत नसे. "त्याचं जाऊ दे. सकाळचं सांग. मी 'मी' म्हणालो. मला वाटलं, तू लगेच 'नाही, मी' म्हणशील. मी वाट बघत होतो दादा. ती बाई बोलत होती तेवढा सगळा वेळ मी वाट बघत होतो. आणि तू पान्हे लावत होतास."

हे त्याला शब्दन् शब्द ऐकू आलं. इतकं स्पष्ट त्यानं कित्येक महिन्यांत काही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन बेकरीत गेला. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. बाईंना बाजूला घ्यायचं, हळू आवाजात सांगायचं, आणि किल्ली देऊन निघायचं. पण बेकरीत सकाळची रांग दाराबाहेर आलेली. आत पीठ मळायचं यंत्र घरघरत होतं. त्या घरघरीत त्याला माणसांचं एक अक्षर कळेना.

बाईंनी त्याला बघितलं. रांगेसमोर तमाशा नको म्हणून त्या मान खाली घालून, पाव बांधता बांधता काहीतरी पुटपुटल्या.

"आँ?" तो म्हणाला.

त्या पुन्हा पुटपुटल्या.

नेहमीसारखी मान डोलवावी, असं क्षणभर वाटलं. मान हललीसुद्धा जराशी. मग त्यानं ती थांबवली. "बाई, मला ऐकू येत नाही. जरा मोठ्यानं बोला."

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. रांगेतली सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. आता अर्धं बोलून भागणार नव्हतं.

"त्या दिवशीही येत नव्हतं," तो म्हणाला. "शिट्टी मला ऐकू आली नव्हती. आली म्हणून खोटं सांगितलं. गाडी मीच बघितली होती, भावानं हात लावला नव्हता. उघडून बघू म्हणत होता, मी बघू दिलं नाही. काल तुम्ही त्याला जे बोललात, ते माझं होतं."

रांगेत शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. तो छताकडे बघायला लागला.

बाईंनी पुडकं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं, हात पुसले, आणि त्याच्या अगदी समोर येऊन बोलल्या. "मग काल तोंडाला काय कुलूप होतं?"

त्यानं गाडीची किल्ली काढून काउंटरवर ठेवली.

"मला कशाला सांगताय? ज्यांचा हात मोडलाय त्यांना सांगा. आत आहेत."

आतल्या खोलीत म्हातारी खिडकीपाशी बसली होती. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हातानं ती मनुका निवडत होती. त्यानं सगळं पुन्हा सांगितलं. तिनं निवडणं थांबवलं नाही.

"मला तेव्हाच संशय आला होता," ती म्हणाली. ती सावकाश, तोंड त्याच्याकडे करून बोलत होती. "तुम्ही माझ्या सुनेच्या तोंडाकडे बघत होता. आमचे हे तसंच करायचे. कान गेले याचं मला काही नाही हो, कान कुणाचेही जातात. पण मी खरं सांगत होते आणि तुम्ही मला सुनेदेखत वेड्यात काढलंत. ती हसली. घरी आल्यावर मला वाटलं, खरंच भास होतोय की काय आपल्याला. परत शिट्टी वाजली तेव्हा मी बोललेच नाही."

ती रोज मागे बसून शिट्टी ऐकत होती, आणि गप्प राहत होती. हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो दारातच उभा राहिला. माफी मागायला आला होता, पण तो शब्द इतका तोकडा वाटला, की तो तसाच तोंडात राहिला.

"बसा," म्हातारी म्हणाली. "नाहीतर जा. दारात उभे राहून उजेड अडवू नका."

तो बसला नाही. गेला.

त्या महिन्यात बायको त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. कानामागे बसणारं छोटं यंत्र मिळालं. गॅरेजमध्ये ग्राइंडर लागला की ते असह्य होई, मग तो ते काढून खिशात टाके. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो आता आधीच सांगे, "आवाजाचं दुखणं असलं तर धाकट्याशी बोला. मला नट-बोल्टचं सांगा." पहिल्या पहिल्यांदा हे सांगताना कानशिलं तापायची. नंतरही तापायची, पण वाक्य पूर्ण होई. बसचा ड्रायव्हर अजून कानसेनच म्हणतो. तो चिडवतो की सवयीनं म्हणतो, ते कळत नाही, आणि विचारायची सोय नाही. बेकरीवाल्या बाई गाडी घेऊन येतात, किल्ली धाकट्याच्या हातात देतात आणि थोरल्याकडे बघून मान हलवतात. सासूबाई मागच्या सीटवरून उतरत नाहीत.

धाकट्याशी तो त्या विषयावर पुन्हा एकदाच बोलला. "त्या दिवशी मी..." एवढं म्हणाला. धाकटा म्हणाला, "तेरा नंबरचा पान्हा दे," आणि थोरल्यानं तो दिला.

यंत्र लावून तो पहिल्यांदा घरी जेवायला बसला, तेव्हा मागे ओट्यापाशी बायको काहीतरी बोलत होती. त्यानं वळून बघितलं. ती त्याच्याशी बोलत नव्हती. भांडी आवरता आवरता आपल्याशीच पुटपुटत होती, चांगलं लांबलचक, मध्येच थांबून, मध्येच रागावून.

"तू अशी रोज बोलतेस?" त्यानं विचारलं.

ती दचकली. तिच्या लक्षात आलं आणि ती ओशाळली. "तुम्हाला ऐकू येत नव्हतं ना. म्हणून लागली सवय."

"काय बोलायचीस?"

"ते आता कशाला," ती म्हणाली, आणि नळ सोडला.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. ताटाकडे बघत, सावकाश, तो जेवत राहिला.